चुना खडू झाला होता

श्रावणातली सकाळ. कापड रंगवायच्या निळीच्या टोपाचं झाकण काढलं आणि आज काम अडणार हे रंगावरूनच कळलं. चांगल्या निळीवर तांब्यासारखी चकचकीत साय येते, ती बाजूला केली की खाली पिवळट-हिरवं नितळ पाणी. इथे वरपासून तळापर्यंत गढूळ निळं. सुती चिंधी दोन मिनिटं बुडवून काढली. ती हिरवी निघून हवेवर निळी व्हायला हवी. निघाली ती निळीच, आणि खळबळताच बहुतेक रंग सुटला.

२० लिटरचा टोप, ८० ग्रॅम नीळ, दुप्पट चुना, तिप्पट गूळ. नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. गूळ तिचं क्षपण करतो, म्हणजे तिला विरघळू शकणाऱ्या रूपात आणतो, चुन्याच्या अल्कलीत ती विरघळते, तेव्हाच धाग्यात शिरते. अशा वेळी हात आधी गुळाकडे जातो. तो आवरावा. पीएचची, म्हणजे अल्कली मोजायची, पट्टी बुडवली तर ८. हवा १० ते ११. अल्कली नसेल तर गूळ कामाचा नाहीच, उलट आंबून पाणी आणखी बिघडवतो.

चुन्याचं पोतं जूनपासून पडवीत उघडं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत कळीचा चुना आपसूक फुटतो, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खडू होतो, त्यातून टोपाला पुरेशी अल्कली मिळत नाही. चिमूटभर बशीत घेऊन व्हिनेगरचे थेंब टाकले, फसाफसा फेसाळला. ताजा चुना असा फेसाळत नाही.

नवा चुना विझवला. चुना पाण्यात थोडा थोडा सोडायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळून डोळ्यांत उडतो. उरलेला बरणीत पाण्याखाली ठेवला, तसा टिकतो. टोपात आधी ४० ग्रॅम, अर्ध्या तासाने पुन्हा ४०. चुलाणावर ५० अंश, हवा मिसळू न देता हळू ढवळणं. जेवणाच्या वेळेपर्यंत साय धरली.

मग दोन-दोन मिनिटांच्या सहा बुड्या, प्रत्येकीनंतर दहा मिनिटं हवा. एकच लांब बुडी देऊन गडद रंग येत नाही, वरवर बसतो आणि हाताला लागतो. शेवटी पातळ व्हिनेगरचं पाणी, चुना काढायला. कोकमाचं नको, त्याला स्वतःचा रंग आहे.

दाबूचे ठसे मारलेलं कापड मात्र तसंच ठेवलं. नक्षीवर नीळ चढू न देणारा, माती, चुना आणि डिंकाचा तो लेप भुसा भुरभुरूनही ओलाच होता. ओल्या लेपाखाली नीळ शिरते, नक्षीच्या कडा फुटतात. शिवाय गरम टोपात लेप सैल पडतो, त्याला थंड नीळच हवी. ते कापड दोन दिवस पंख्याखाली.