स्मोक युनिट: हीटर ठणठणीत, धूर मात्र गायब

मंडळी, माझ्या मॉडेल रेल्वेतल्या त्या अमेरिकन स्टीम इंजिनाच्या दुरुस्तीचं काम पुढे सरकलंय. ओ गेज, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या १:४८ मापाचं, आत पंख्यावर चालणारं स्मोक युनिट: वातीतलं तेल हीटरने तापवायचं आणि धूर पंख्याने धुराड्यातून बाहेर ढकलायचा. पंख्याचा बारीक आवाज येतोय, धुराडं हाताला गरम लागतंय, पण धूर म्हणाल तर उदबत्तीएवढासुद्धा नाही.

अशा वेळी आणखी तेल ओतायचा मोह होतो. तो आवरा. युनिट आधीच भिजलेलं असेल तर जादा तेल पंख्याकडे उतरतं आणि नसतं दुखणं मागे लागतं.

बॉडी उतरवली, कनेक्टर सोडवला, मल्टिमीटर लावला. या युनिटमध्ये हीटर म्हणून १६ ओहमचे दोन रेझिस्टर पॅरलल आहेत, म्हणजे मिळून ८ यायला हवेत. ८.२ आले. १६ दिसले असते तर एक उडालाय हे उघड होतं. हीटर शाबूत. मग टिश्यू पेपरचा एक पदर धुराड्यावर धरला. जेमतेम हलला, म्हणजे हवाच नीट येत नव्हती.

झाकण उघडल्यावर कारण समोरच. रेझिस्टरखालची वात करपून काळी खपली झालेली, नखाने टोकरली तर तुकडाच निघाला. अशी वात तेल ओढत नाही. त्यात तिचा एक सुटा पदर पंख्याकडून हवा येते त्या भोकावर जाऊन बसलेला!

सगळं चिमट्याने काढलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि रात्रभर वाळू दिलं. ओलं असताना करंट दिलात तर भडका उडेल. नवी वात फायबरग्लासची. कंदिलाची सुती वात स्वस्त पडते, पण ती पुन्हा करपणारच. दोरी उसवून तंतू मोकळे केले, रेझिस्टरला टेकतील पण भोकापासून लांब राहतील असे सैलसर बसवले. हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर दिवसभर खाजवत बसाल.

जुन्या इंजिनांची तऱ्हाच निराळी. लायोनेल या अमेरिकन खेळण्यातल्या रेल्वेच्या कंपनीने १९४६ साली धूर आणला तेव्हा धुराची गोळी तापवायला बल्ब होता. पुढच्याच वर्षी बल्ब जाऊन तापणारी तार आली. हवा ढकलायला चाकांवर चालणारा पिस्टन, त्यामुळे इंजिन थांबलं की फुंकरही बंद. मला ती रचना आजही जास्त आवडते, बिघडायला मुळात काही नाहीच.

असो. १५-२० थेंब घालून रुळावर ठेवलं. आधी करपट वास आला, मग दाट पांढरा धूर. वेगात झकास! पण दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात धुराचे चार झोत हवेत, ते हळू चालवताना एकमेकांत मिसळतात. दोन झोतांमध्ये पंखा पुरता थांबत नाहीये. शाफ्टवर साठलेलं जुनं तेल पुसून बघणार आहे, तेवढ्याने भागलं नाही तर मोटर बदलावी लागेल. कुणी बदलली असेल तर पंखा शाफ्टवरून न तुटता कसा काढलात, तेवढं सांगा.