गॅरेजमधले टाको आणि सांगाड्यांचा गेम

मेक्सिको सिटीच्या नार्वार्ते भागात, उनिवेर्सिदाद रस्ता आणि पेतेन गल्लीच्या कोपऱ्यावर 'एल विलसितो' आहे. दिवसा गेलात तर गाड्या दुरुस्त करणारं गॅरेज दिसेल आणि पत्ता चुकला असंच वाटेल. संध्याकाळी पाने-स्पॅनर आत जातात आणि त्याच जागेत त्रोम्पो फिरायला लागतो: उभ्या सळईवर रचलेला लालभडक डुकराच्या मांसाचा शंकू, त्याच्या डोक्यावर अननस. हेच अल पास्तोर; मक्याच्या छोट्या पोळीत, म्हणजे तोर्तियात, भरलं की झाला टाको. मेट्रोच्या ३ नंबर लाईनवरचं एउखेनिया स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे. आता ही जागा जगभर माहीत झाली आहे, तिचं लपलेपण फक्त दिवसाचं उरलंय.

या जागेला जोडीला एकच कॉम्प्युटर गेम शोभतो, 'ग्रिम फँडँगो'. लुकासआर्ट्सने तो १९९८ मध्ये काढला, दिग्दर्शन टिम शेफरचं. शेफरच्याच डबल फाईन स्टुडिओची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये आली, आणि खेळायची ती हीच, कारण मूळ गेममध्ये नायक मॅनी कालावेराला रणगाड्यासारखं वळवत चालवावं लागतं. नव्या आवृत्तीत माउस चालतो. मॅनी हा मेलेल्यांच्या, म्हणजे सांगाड्यांच्या जगातला ट्रॅव्हल एजंट. गोष्ट चार वर्षांची आहे आणि प्रत्येक भाग मृतांच्या दिवशी, म्हणजे मेलेल्यांना आठवण्याच्या मेक्सिकन सणाला घडतो. मॅनीचा जोडीदार ग्लॉटिस हा अवाढव्य नारिंगी राक्षस, आणि तो जन्मजात मेकॅनिक. गॅरेजमध्ये उभं राहून टाको खाऊन आल्यावर ग्लॉटिसच्या गॅरेजमध्ये शिरायचं, ही खरी जोडी.

भीतीच्या गेमबरोबर खाणं सहसा जमत नाही. मागे कोणी लागलं असेल तर हात मोकळा होत नाही, आणि मक्याची तोर्तिया पाच मिनिटांत चिवट होते. इथे मॅनीला मरण नाही, घड्याळाची घाई जवळपास नाही. कोड्यात अडकलात तर निवांत खा. पहिल्या वर्षात अडकण्याची ठरलेली जागा म्हणजे साहेबांची सही. सेक्रेटरी एव्हाशी कितीही बोललात तरी काम होत नाही. बाहेरच्या कठड्यावरून साहेबांच्या खिडकीत शिरा आणि त्यांच्या कॉम्प्युटरचं ठरलेलं उत्तर बदला. सही मिळाली की ग्लॉटिस गाडीवर काम सुरू करतो. अधूनमधून स्वतः सेव्ह करत राहा.

त्या जगात शेवटचा मृत्यू फुलांनी येतो. गोळी लागली की हाडांतून फुलं उमलतात आणि माणूस संपतो. मेक्सिकोत मृतांना घरी बोलवायला झेंडूच वाहतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिथलाच, त्यामुळे गेममधली ही उलटापालट आपल्याला जास्त टोचते.

मेक्सिकोला जाणं नसेल तर घरी करा. अल पास्तोरचा लाल रंग आचिओतेचा, म्हणजे आपल्याकडच्या शेंदरीच्या बियांचा. ६०० ग्रॅम डुकराच्या खांद्याचं मांस ४-५ मिलिमीटर जाडीचं कापा. सहा बेडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवा आणि एक मोठा चमचा शेंदरीची पूड, तीन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, दोन लवंगा, तीन मोठे चमचे व्हिनेगर (गोव्याचं माडाचं मिळालं तर उत्तम) आणि दीड चमचा मीठ घालून वाटा. हे मांसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. अननसाचा कच्चा रस यात घालू नका. त्यातलं ब्रोमेलेन मांस तोडतं आणि सकाळी हाताला लगदा लागतो. अननसाचे काप शेवटी तव्यावर भाजून वरून ठेवा. मांस बिडाच्या तव्यावर मोठ्या आचेवर, एका वेळी थोडं थोडंच परता. गर्दी केली की पाणी सुटतं, मांस उकडतं आणि कडा करपतच नाहीत. त्या करपलेल्या कडांतच तर सगळी चव आहे.

तोर्तियाला भाकरीचं मक्याचं पीठ चालत नाही. मासा हारिना हे पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, म्हणून त्याची तोर्तिया दुमडली तरी तुटत नाही. २५० ग्रॅम पिठात साधारण ३६० मिलिलिटर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. गोळा वीस मिनिटं झाकून ठेवा. दाबल्यावर कडा फाटल्या तर अजून पाणी हवं, प्लास्टिकला चिकटला तर पाणी जास्त झालं. ३० ग्रॅमचे वीस गोळे करा, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून जड ताटलीने दाबा. तापलेल्या तव्यावर २० सेकंद, उलटून ४५ सेकंद, पुन्हा उलटलं की फुगते. फडक्यात गुंडाळून ठेवा, वाफेने मऊ राहतात.

वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. एका वेळी तीनच भरा, बाकीच्या फडक्यात राहू द्या. आणि माउसला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा, शेंदरीचा डाग पुसून जात नाही.