तुम्ही विचारलंत म्हणून : गर्दीच्या वेळीच चुका होतात का?

हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असतानाही एकच प्रश्न विचारला जातो : ‘‘आकाशात एवढी विमानं असतात, गर्दीच्या वेळी तुमच्याकडून बोलण्या-ऐकण्यात चुका होत असतील ना?’’ होतात. परंतु गर्दी आणि चूक यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नाही, आणि ते उभ्या उभ्या सांगता येत नसल्यामुळे मी आजवर बहुतेकांना हसून टाळले आहे.

आधी गर्दीविषयी. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. एका धावपट्टीवर तासाला ४६ विमानांची ये-जा चालते तेव्हा एकेका विमानाच्या वाट्याला जेमतेम ७८ सेकंद येतात, आणि सगळे बोलणेही त्यातच उरकायचे असते. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर नुसती किंचाळल्यासारखी शिटी ऐकू येते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर केएलएम या डच कंपनीच्या वैमानिकाला ‘थांबा, मी सांगेन’ हा नियंत्रकाचा निरोप अशाच शिटीत कळला नाही, त्याआधीचे ‘ओके’ तेवढे स्वच्छ ऐकू आले, त्याचे विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळले, आणि ५८३ माणसे गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक झाला. म्हणून नियंत्रकावरचा भार पडद्यावरच्या ठिपक्यांवरून मोजू नये, बोलण्यात किती उसंत उरते त्यावरून मोजावा. उसंत संपली की तो भराभर बोलू लागतो, दिशा, पातळी आणि वेग एका दमात सांगतो, वैमानिकाच्या ध्यानातून त्यातला एक आकडा निसटतो, तो ‘से अगेन’ म्हणतो, आणि वाचवलेले चार सेकंद दहा होऊन अंगावर येतात.

यावरचा उपाय म्हणजे रीडबॅक. आपण दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी म्हणून दाखवायची आणि आपण ती ऐकायची. यात म्हणण्यापेक्षा ऐकणे कठीण असते, हे मला उमगले त्या रात्री गर्दी मुळीच नव्हती.

संध्याकाळची लाट ओसरली होती. चाळीस मिनिटे मान वर करायला मिळाली नव्हती, आणि आता माझ्याकडे तीनच विमाने उरली होती. एकाला मी पातळी ११० (म्हणजे ११,००० फूट), ‘वन वन झीरो’ला उतरायला सांगितले, दुसरे विमान त्याच्या खाली १०० वर होते. बोलता बोलता मी स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या कागदी पट्टीवर, ११० लिहिले, रीडबॅक ऐकले आणि चहाच्या कपाकडे हात नेला. इतक्यात शेजारी बसलेला, नोकरीत जेमतेम वर्ष झालेला सहकारी हळूच म्हणाला, ‘‘सर, तो वन झीरो झीरो म्हणाला.’’ मी म्हणालो, ‘‘नाही रे.’’ तरी विचारून घेतले, आणि वैमानिक खरोखरच शंभरला निघाला होता. विमान अजून १३० च्याही वर असल्याने पुढे काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी टेप ऐकवली. वैमानिकाचा आवाज स्वच्छ होता, खरखर नाही, घाई नाही, ‘वन झीरो झीरो’. आदल्या रात्री मी शपथेवर ‘वन वन झीरो’ ऐकल्याचे सांगितले असते. आता शंभरच्या पातळीला ‘वन हंड्रेड’ म्हणतात, ते याच घोटाळ्यामुळे.

विमाने कमी असली की भार कमी, हा समज १ जुलै २००२ च्या रात्री झ्युरिकच्या नियंत्रण केंद्रातही होता. वाहतूक विरळ म्हणून जोडीदार विश्रांतीला गेलेला, एकटा नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, आणि देखभालीमुळे मुख्य टेलिफोन बंद होता. उशिरा आलेल्या एका विमानासाठी फ्रीडरिक्सहाफेनला फोन लागेना, त्यातच तो गुंतला. शेजारच्या कार्ल्सरूहे केंद्राला दोन विमानांची टक्कर होणार हे दिसत होते, पण त्यांचाही फोन लागला नाही. शेवटी त्या नियंत्रकाने त्यांतल्या तुपोलेव या रशियन विमानाला खाली जायला सांगितले, तेव्हा त्या विमानातली टक्कररोधक यंत्रणा वर जायला सांगू लागली. जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन्ही विमाने आदळून ७१ जण गेले. त्या माणसाला कोणी निष्काळजी म्हटले की मला आजही राग येतो.

आणि रीडबॅक बरोबर असूनही भागत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर धडकलेल्या दोन विमानांपैकी कझाक विमानाने १५,००० फुटांची पातळी गाठल्याचे दिल्लीला कळवले होते, सौदी विमान १४,००० वर होते. परंतु कझाक विमानात बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि उडवणारे वेगळे. विमान परवानगीवाचून खाली आले, हे चौकशीसाठी नेमलेल्या लाहोटी आयोगाने मुख्य कारण ठरवले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नसल्यामुळे नियंत्रकाच्या हाती शब्दांखेरीज काही नव्हते. ३४९ माणसे गेली.

माझ्यापुरते सांगायचे तर त्या टेपनंतर मी एक सवय बदलली. बोलताना आकडा लिहायचा, पण रीडबॅक चालू असताना स्ट्रिपकडे पाहायचे नाही, पेन उचलून धरायचे, आणि कानाने ऐकलेला आकडा मनात म्हणून मगच बरोबरची खूण करायची. प्रशिक्षणार्थी पोरे माझ्या त्या अधांतरी पेनाची नक्कल करून हसत. आता पडद्यावरच्या स्ट्रिपा आल्या आहेत, आणि त्यांतली काही जण बोलायच्या आधीच आकडा क्लिक करून मोकळी होतात.