ग्रीन टीचं अत्तर, नागपूरच्या उन्हाळ्यात

जपानी चहाची पानं वाफवतात, म्हणून त्यांचा वास हिरवा, किंचित समुद्री शेवाळासारखा येतो. माचा (जपानी ग्रीन टीची बारीक पूड) अल्कोहोलमध्ये भिजवून तो मिळत नाही. उलट रंग उतरून कपड्यांवर डाग पडतात. १९९२ साली फ्रेंच अत्तरकार झां-क्लोद एलेना यांनी बुल्गारी या इटालियन ब्रँडसाठी केलेला चहाचा वास मुख्यतः हेडिओन (हलक्या चमेलीसारख्या वासाचं रसायन) आणि आयोनोन (व्हायोलेट फुलांसारख्या वासाचं) यांवर उभा होता. घरीही तोच रस्ता धरा.

३० मिलीच्या बाटलीत हेडिओन १.२ ग्रॅम, बर्गामोट (लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल) ०.४, लिनालूल (लॅव्हेंडरमधला फुलासारखा वास) ०.२, बीटा-आयोनोन ०.१ आणि सिस-३-हेक्सेनॉलचं १० टक्के द्रावण ०.१ ग्रॅम. वर अत्तराचं अल्कोहोल १८ ग्रॅम. सॅनिटायझर नको, त्याचा दवाखानी वास जात नाही. वजन करताना कूलर-पंखा बंद ठेवा (मे महिन्यात जिवावर येतं, पण वाऱ्यानं ०.०१ ग्रॅमचा काटा नाचतो). अल्कोहोल पेट घेतं, म्हणून गॅस बंदच हवा.

हेक्सेनॉल थोडं जरी जास्त झालं, तर चहा संपला, नुसतं कापलेलं गवत. बर्गामोट बर्गाप्टेनमुक्तच (उन्हात कातडीला बाधणारा घटक काढलेलं) घ्या. साधं लावून उन्हात गेलात तर कातडी काळवंडते. आपल्या संत्र्याच्या सालीचं तेलही चालतं, फक्त वास जरा गोडसर होतो. बाटली दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवा. पंचेचाळीस अंशांत लिंबूवर्गीय वास झटकन उडतो, म्हणून अंगापेक्षा सुती कपड्यावर फवारा.