डिस्कसना काय खायला घालायचं: माझा अनुभव

२०२० च्या जानेवारीत क्रॉफर्ड मार्केटमधून मी सहा डिस्कस घेतले, थाळीसारखे चपटे, गोल, गोड्या पाण्यातले मासे. तीन इंचांच्या आसपासची पिल्लं, तीन रंगप्रकारांची: दोन रेड टर्कॉइज, दोन पिजन ब्लड, दोन ब्लू डायमंड. सीएसएमटीहून भांडुपपर्यंत स्लो लोकलमध्ये थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन बसले होते आणि पाणी गार तर पडत नाही ना, म्हणून दर दोन स्टेशनांनी आत हात घालून पिशवी चाचपत होते. घेण्याआधी दुकानदाराला एकच सांगितलं होतं, मासे खाताना दाखवा. त्यांनी टाकीत फ्रोजन ब्लडवर्मचा, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांचा, क्यूब सोडला आणि सगळे मासे तुटून पडले. मी त्याच अळ्यांची दोन पाकिटं घेतली. खाण्याचा प्रश्न सुटला, असं त्या दिवशी मला मनापासून वाटलं.

घरी आल्यावर सहा दिवस त्यांनी काहीच खाल्लं नाही. रंग काळवंडले, हीटरमागे एकमेकांना खेटून उभे राहायचे. नव्या जागी डिस्कस असं करतात आणि काही दिवस उपाशी राहू शकतात, हे वाचलेलं होतं, तरी रात्री टँकचा दिवा घालवताना पोटात गोळा यायचा. सातव्या दिवशी सकाळी एका पिजन ब्लडने तळाशी पडलेल्या अळीवर तोंडाने पाण्याची फुंकर मारली. डिस्कस अन्न शोधतात ते असंच, फुंकर मारून तळ उडवतात आणि खाली काय आहे ते बघतात. अळी उडाली, त्याने टिपली. मग दुसरा आला, तिसरा आला. मी ऑफिसला उशिरा पोचले त्या दिवशी.

पुढचे दोन महिने सकाळ-संध्याकाळ-रात्र ब्लडवर्म. अधूनमधून मी ग्रॅन्युल, म्हणजे कोरड्या अन्नाचे दाणे, टाकून बघायचे, तर मासे ते तोंडात घेऊन दोनदा चावल्यासारखं करायचे आणि फू करून बाहेर. मला वाटायचं, नको असेल त्यांना. आवडत नाही ते कशाला द्यायचं?

घरात प्रश्न होता तो फ्रीजरचा. सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन उजेडात धरलं.

"अगं, या अळ्या ना?"

"हो आई. डासासारखा एक किडा असतो, चावत नाही, त्याच्या अळ्या."

"मग माझ्या खोबऱ्याशेजारी नको. वेगळा डबा कर, घट्ट झाकणाचा."

त्यांचं बरोबर होतं. स्टीलचा कड्यांचा डबा, त्यावर लाल दोऱ्याची खूण, खालचा कप्पा. तो डबा आजही तिथेच आहे.

पाकिटावरचे आकडे वाचायला मी याच काळात शिकले. फ्रोजन ब्लडवर्मवर प्रथिनं ५ टक्के लिहिलेली होती, ग्रॅन्युलच्या डब्यावर ४७. पहिल्यांदा वाचून मला अपराधी वाटलं, दहापट कमी पोषण देतेय की काय मी. पण अळ्यांच्या पाकिटावरच खाली ओलावा ९२ टक्के लिहिलेला होता. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पाकिटात ९२ ग्रॅम पाणी, आणि उरलेल्या ८ ग्रॅममध्ये ५ ग्रॅम प्रथिनं. पाणी वजा करून हिशेब केला तर ते झाले साठ टक्क्यांच्या वर. ग्रॅन्युलमध्ये पाणी ८ टक्के, म्हणजे ९२ ग्रॅममध्ये ४७, साधारण ५१ टक्के. फ्रोजन आणि कोरडं अन्न शेजारी ठेवून तुलना करायची तर आधी पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर आकडे फसवतात. आणि याच हिशेबाने लक्षात आलं की आपण फ्रोजनच्या पाकिटाचे जे पैसे मोजतो त्यात खरं अन्न फक्त ८ ग्रॅम.

प्रथिनांत अळी कमी नव्हतीच. कमी होती बाकीची बाजू. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पकडलेल्या डिस्कसच्या पोटात शेवाळ, कुजलेला पालापाचोळा, वनस्पतींचे तुकडे, बारीक किडे आणि झिंगे असं मिळून सापडतं. माझे मासे नुसत्या एका अळीवर वाढत होते. शिवाय बहुतेक माशांना क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. मासे अळीवर तुटून पडतात म्हणजे अळी त्यांना पुरते, असं होत नाही. पोरांना वेफर्स आवडतात म्हणून रोज जेवायला वेफर्स देत नाही आपण.

मग मार्च आला आणि लॉकडाऊन. डब्यात साडेतीन पाकिटं होती. दुकानं बंद, लोकल बंद. घरात कोरडं अन्न दोन प्रकारचं होतं: एक सीलबंद डबा, आणि आधी कधीतरी स्वस्त मिळतंय म्हणून एका दुकानातून घेतलेली सुट्या ग्रॅन्युलची प्लास्टिकची पिशवी, जिच्यावर ना तारीख ना नाव. डबा पुरवून वापरायचा म्हणून मी आधी पिशवी सोडली. ही चूक मला अजून टोचते. दाणे एकमेकांना चिकटलेले होते, वास खवट खोबऱ्यासारखा. तो वास आपल्या सगळ्यांना ओळखता येतो. भाजीत तसं खोबरं गेलं तर आपण भाजी टाकून देऊ. मी मात्र दाणे मोकळे करून पाच-सहा दिवस घातले. त्यांतलं थोडंफार मासे गिळायला लागले होते, याचा आनंद मोठा होता.

आठवड्याभरात लहान ब्लू डायमंडची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबायला लागली. मासा काळा पडला, कपाळ आत गेल्यासारखं दिसायला लागलं. एका पशुवैद्यांशी फोनवर बोलून त्यांनी सांगितल्याप्रमाणे मेट्रोनिडॅझोल हे परजीवींवरचं औषध दिलं, वेगळ्या टबात, रोज पाणी बदलून. तो वाचला. खवट अन्नानेच हे झालं असं मी म्हणणार नाही, आतड्यातले परजीवी आधीपासून असू शकतात आणि मासा कमजोर झाला की डोकं वर काढतात. पण मासा कमजोर व्हायला माझ्या पिशवीने हातभार लावला, हे मला पटलेलं आहे. पिशवी कचऱ्यात गेली. तेव्हापासून सुटं कोरडं अन्न मी विकत घेत नाही, कुणी फुकट दिलं तरी.

मुंबईच्या हवेत कोरड्या अन्नाचा खरा शत्रू दमटपणा. झाकण उघडलं की दर वेळी ओलसर हवा आत जाते, चरबी खवट होते, जीवनसत्त्वं उडतात, जून-जुलैत तर बुरशीही धरते. आणि ती बुरशी नुसता वास बिघडवत नाही, तिची विषं यकृतावर जातात. म्हणून आता डबा लहान घेते, दोन-अडीच महिन्यांत संपेल असा, आणि तारीख बघूनच. घरी आणल्यावर दहा दिवसांपुरतं एका छोट्या बाटलीत काढायचं, बाकीचं सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही, खोलीच्या तापमानाला आला की मगच, नाहीतर आत दव धरतं. घटकांच्या यादीत पहिले दोन-तीन शब्द वाचते, कारण जे जास्त ते आधी लिहितात. पहिलं नाव मासा किंवा कोळंबी असावं, गव्हाचं पीठ नको. आणि क जीवनसत्त्व एस्कॉर्बिल पॉलीफॉस्फेट या रूपात असेल तर बरं, ते साध्यापेक्षा टिकतं.

आता दाणे नीट खायला शिकवण्याचं. साडेतीन पाकिटांतून मला वेळ काढायचा होता. क्यूब वाटीत टँकच्याच पाण्यात वितळवायचे, चहाच्या गाळणीने गाळायचे. एरवी ते लाल पाणी मी फेकून देते, कारण टँकमध्ये गेलं की नुसती घाण वाढवतं. तेव्हा मात्र ते जपून ठेवलं आणि सीलबंद डब्यातले दाणे त्यात दहा मिनिटं भिजत घातले. दाणे फुगून मऊ झाले, लालसर दिसायला लागले, वासही अळीचाच. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा भिजवलेले दाणे, आणि खाल्ले नाहीत तर पंधरा मिनिटांत पाइपने ओढून बाहेर. संध्याकाळी थोड्या अळ्या, म्हणजे अंगातली ताकद जाणार नाही. चौथ्या दिवशी मोठ्या रेड टर्कॉइजने दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. मी गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावून बघत होते. पाचव्या वेळी कल्ले हलले आणि दाणा बाहेर आला नाही. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून शिकायला तीन आठवडे घेतले. डिस्कस एकटा ठेवला तर हे फार अवघड जातं असं माझं मत आहे. शेजारचा खातोय हे दिसलं की ते खातात.

मासे दाण्यांवर रमले की मग ब्लडवर्म आठवड्यातून दोनदा केले. मधल्या दिवसांसाठी फ्रोजनच हवं होतं, पण बाजारात नव्हतं. परदेशात डिस्कसवाले बैलाचं काळीज घालून मिश्रण करतात. आपल्याकडे महाराष्ट्रात गाईंची कत्तल आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैलांचीही बंद आहे, म्हशीला ती बंदी नाही, त्यामुळे काही जण म्हशीचं काळीज वापरतात. ते मला घरात आणायचं नव्हतं, आणि जनावराची चरबी माशाच्या पोटाला योग्य वाटत नव्हती. सोसायटीत मासळीची एकत्र ऑर्डर जायची, त्यात मी अर्धा किलो कोळंबी जास्तीची सांगितली.

ती साफ केली सासूबाईंनी. काळा दोरा काढायची त्यांची पद्धत मला अजून जमत नाही, पाठीत सुईचं टोक घालून एका झटक्यात अख्खा बाहेर. मी कोळंबी उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढली, कारण काही कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं आणि ते उष्णतेने जातं. त्यात उकडलेला पालक, सालं काढलेला मटार, दोन लसूणपाकळ्या आणि चमचाभर स्पिरुलिना (शेवाळाची हिरवी भुकटी), सगळं मिक्सरमधून. बांधायला चायना ग्रास उकळून घातलं. मिश्रण जरा निवल्यावर झिपच्या पिशवीत ओतलं, लाटण्याने पाव इंचाची पोळी केली, सुरीच्या पाठीने चौकोन पाडले आणि पिशवी ताटात आडवी ठेवून फ्रीजर. गोठल्यावर चौकोन चॉकलेटसारखे तुटतात. श्रावण लागायच्या आधी दोन खेपा करून ठेवल्या, कारण श्रावणात सासूबाई कोळंबीला हात लावणार नव्हत्या आणि मीही त्यांच्या स्वयंपाकघरात ती शिजवणार नव्हते.

पहिल्या चौकोनाने पाणी गढूळ केलं, चायना ग्रास कमी पडलं होतं. दुसऱ्या खेपेपासून जमलं. दोन-तीन महिन्यांत ब्लू डायमंडचं कपाळ भरलं आणि विष्ठा काळपट, आखूड व्हायला लागली. ती बघणं हा माझा सकाळचा पहिला उद्योग असतो. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पोटात काय चाललंय ते तिथे दिसतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. आमच्याकडे ती दुपार उलटून गेल्यावर आली. बॅटरीवर चालणारा एअर पंप होता, त्यामुळे टँकची काळजी कमी. फ्रीजर मात्र कुणी तरी मधे उघडला होता आणि डब्यातले क्यूब बसके झाले होते. ते पुन्हा गोठवून वापरायचे का, हा प्रश्न आला. मी नाही वापरले. एकदा वितळलं की अळ्यांची कातडी फुटते, सत्त्व पाण्यात उतरतं, जंतू वाढतात, आणि पुन्हा गोठवल्याने ते मरत नाहीत. तेव्हापासून दुकानातही पाकीट उलटंपालटं करून बघते: क्यूब एका बाजूला कलंडून गोठलेले असतील, खाली गडद रसाचा थर आणि वर पांढरा बर्फ दिसत असेल, तर ते पाकीट कुठेतरी वितळून आलेलं आहे. लोकल सुरू झाल्यावर फ्रोजन आणायला थर्मल बॅग, आत गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि पाकिटांभोवती वर्तमानपत्र असं घेऊन जाते, आणि दुसरी कुठलीही खरेदी आधी उरकते.

एक गोष्ट माझ्यासारख्यांना आवर्जून सांगायची. फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून वाळवलेले, ब्लडवर्म सोयीचे म्हणून आणले होते. डबी उघडली की मला सटासट शिंका, डोळ्यांतून पाणी. या अळ्यांना लाल रंग देणारं हिमोग्लोबिनच माणसाला ॲलर्जी करतं, दम्यापर्यंत जाऊ शकतं, आणि कोरड्या भुकटीतून ते जास्त उडतं. डबी देऊन टाकली. फ्रोजनला हात लावते तेव्हाही हातमोजे घालते. जिवंत ट्युबिफेक्स मी कधीच आणले नाहीत. ते किडे घाणीच्या गाळात वाढतात, कितीही धुतले तरी माझं मन घेत नाही.

आता पिल्लं मोठी झाली आहेत. सकाळी आणि संध्याकाळी ग्रॅन्युल, थोडं भिजवून. रात्री घरचा चौकोन किंवा ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे), ब्लडवर्म बुधवार आणि रविवार.

गणपतीत आम्ही कोकणात जातो. माझी सगळ्यात मोठी काळजी ती होती, कारण फ्रोजन वितळवून, गाळून घालणं दुसऱ्यावर सोपवता येत नाही. गेल्या वेळी समोरच्या काकूंना दाण्यांच्या सात पुड्या करून दिल्या, प्रत्येकीवर वार लिहून, रोजच्या निम्म्या मापाने, आणि डबा कपाटात कुलपात ठेवला, म्हणजे मासे काचेशी येऊन तोंडं हलवायला लागले तरी काकूंना जास्त घालता येणार नाही. परत आले तेव्हा पाणी स्वच्छ होतं आणि सातही पुड्यांचे कागद त्यांनी घडी करून टँकवर ठेवले होते.