सराटा

परवा दुपारी पाहुणे येत असल्याचा फोन आला आणि घरात रव्याखेरीज काहीही नाही, हा शोध नेहमीप्रमाणे फोन ठेवल्यावर लागला. कढई चढवली, रवा ओतला आणि सराटा घेण्यासाठी खणात हात घातला, तर हाती आला तो भाच्याने मागे न्यूयॉर्कहून आणून दिलेला एक जाडजूड चमचा. त्याला काय म्हणावे हे आमच्या घरात अजून ठरलेले नाही. पळी म्हणावे तर दांडा आखूड, डाव म्हणावे तर वाटी उथळ, आणि नुसता चमचा म्हणावे तर त्यात एका वेळी अडीच टेबलस्पून रस मावतो. कड मात्र निमुळती होत गेलेली, त्यामुळे रसाची धार जिथे पाडायची तिथेच पडते. तिकडचे आचारी हा चमचा जिवापाड जपतात, असे भाच्याने देताना बजावले होते. मला त्यात वरणावर तूप सोडण्याची सोय तेवढी दिसली.

हा चमचा ज्यांच्या नावाने विकला जातो ते ग्रे कुन्झ सिंगापुरात जन्मले, स्वित्झर्लंडमध्ये फ्रेडी जिरार्दे यांच्या हाताखाली तयार झाले, मग हाँगकाँगला राहिले आणि पुढे न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलातल्या ‘लेस्पिनास’ या रेस्टॉरंटचे मुख्य आचारी झाले. पाश्चात्त्य शिस्तीच्या त्या स्वयंपाकघरात पूर्वेकडचे मसाले त्यांनी इतक्या नेमकेपणाने आणले की, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याला आपले सर्वोच्च, म्हणजे चार तारे दिले. तिथेच त्यांच्या हाताखाली फ्लॉइड कार्डोझ आले. मूळचे गोव्याचे कुटुंब, जन्म मुंबईचा, शिक्षण जीवरसायनशास्त्राचे, आणि ते बाजूला ठेवून धरलेली वाट हॉटेलची. कार्डोझ पायरी पायरीने चढत गेले आणि १९९८ मध्ये डॅनी मेयर यांच्या साथीने मॅडिसन अव्हेन्यूवर त्यांनी ‘तबला’ हे रेस्टॉरंट उघडले, ते पुढे बारा वर्षे चालले. मुंबईच्या माणसाला स्वतःच्या घरच्या मसाल्याच्या डब्याकडे पुन्हा वळवणारा गुरू स्वित्झर्लंडमध्ये घडलेला असावा, याची मला अजून गंमत वाटते.

पण कार्डोझ मला आठवतात ते त्या बारा वर्षांसाठी नव्हे. २०११ मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ नावाच्या अमेरिकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत, जिथे माणूस आपली सगळी विद्या पणाला लावतो, तिथे त्यांनी चक्क उपमा केला. अळंबी घालून केला, ताटलीत राजेशाही थाटात मांडला, हे सगळे खरे. पण मुळात तो रवाच. आणि ते जिंकले. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात अभिमानाच्या आधी संशय आला, कारण आमच्याकडे उप्पीट हा पदार्थ नसून सबब आहे. काही सुचले नाही, वेळ उरला नाही, भाजी आणली नाही की उप्पीट. त्यातही आमच्या घरी हळद घातली की त्याचे उप्पीट राहत नाही, तो तिखटमिठाचा सांजा होतो, आणि या मुद्द्यावर माझे माहेरी आलेल्या बहिणीशी दर वेळी वाजते. तिच्या सासरी हळद घालतात. शेंगदाण्यांविषयी तर आम्ही बोलतच नाही.

रवा भाजायला मला शिकवले ते आईने नव्हे, आचारीमामांनी. आमच्या वाड्यातल्या प्रत्येक मुंजीला आणि लग्नाला तेच असत. पहाटे मागच्या अंगणात चुलवणे पेटली की मी पांघरूण टाकून तिथे जाऊन बसे. कमरेला पंचा, कानाला विडी, आणि हातात पुरुषभर नसला तरी माझ्याहून उंच असा लोखंडी सराटा, ज्याची धार घासून घासून एका बाजूने तिरकी झाली होती. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा वधूपित्याने उत्साहाच्या भरात तो उचलला, तेव्हा त्यांनी काही न बोलता तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि ओल्या फडक्याने पुसला. मला मात्र एका पहाटे त्यांनी जवळ बोलावून सराट्याला हात लावू दिला, म्हणजे माझ्या हातांवर स्वतःचे हात ठेवून तो फिरवला.

“रंग बघू नकोस,” ते म्हणाले, “कान दे.” कच्चा रवा सराट्याखाली ओल्या वाळूसारखा जड हलतो, आवाज दबका येतो, भाजत आला की तो सुटा होतो, कढईच्या कडेवरून आपणहून घसरू लागतो आणि त्याची सळसळ ऐकू येते. ती सळसळ आली की शेजारच्या पातेल्यातले आधणाचे पाणी ओतायचे, एका धारेने, आणि तोंड बाजूला घ्यायचे. यापलीकडे त्यांनी मला काही शिकवले नाही. प्रमाण विचारले तर, “पाणी मागेल तेवढे,” असे सांगून ते विडी पेटवायला गेले. मी आजही वाटीने मोजतो, एकास अडीच.

कुन्झ ५ मार्च २०२० रोजी गेले. त्याच सुमारास कार्डोझ मुंबईत होते. तिथल्या त्यांच्या ‘बॉम्बे कॅन्टीन’ या रेस्टॉरंटला पाच वर्षे झाली होती, ‘ओ पेड्रो’ या दुसऱ्या रेस्टॉरंटमधून गोव्याचे जेवण मुंबईकरांच्या ताटात येऊ लागले होते आणि भायखळ्याला मिठाईचे नवे दुकान उघडत होते. ते परत न्यू जर्सीला गेले, आजारी पडले आणि करोनाने २५ मार्चला गेले, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. गुरू आणि शिष्य यांच्यात वीस दिवसांचे अंतर पडले. तो दिवस पाडव्याचा होता आणि देशभराच्या टाळेबंदीचा पहिलाच. कडुनिंबाची पाने सकाळी कशीबशी मिळाली होती, गुढीला साखरेची गाठी मिळाली नव्हती. मुंबईत त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले एरवी त्या रात्री एकत्र उभी राहून निदान काहीतरी रांधून मोकळी झाली असती. पण चुली थंड होत्या आणि जो तो आपापल्या घरी अडकला होता.

आचारीमामा त्याच्या पुष्कळ आधी गेले. मला ते कळले तेव्हा दिवसवारे होऊन वर्ष लोटले होते. पुढे गावी गेलो तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. पितळी पातेली, परात आणि घंगाळ मोडीत घातले, भाव चांगला आला, असे त्यांच्या मुलाने सांगितले. मी सराट्याचे विचारले. तो थोडा वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, “ते लोखंड होतं हो. त्याचं काय येणार?”