लिंडाऊ : जर्मनीला पोरांकडे जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

हल्ली प्रत्येक गल्लीतलं एखादं तरी पोर जर्मनीत असतंय. त्याला भेटायला गेलेले आई-बाबा म्युनिकचा चौक आणि एखादा राजवाडा बघून परततात. त्यातला एक दिवस लिंडाऊसाठी काढा. बोडनझे हे ५३६ चौरस किलोमीटरचं तळं, पलीकडे स्वित्झर्लंड, शेजारी ऑस्ट्रिया, आणि काठाजवळच्या बेटावर हे जुनं गाव.

म्युनिकहून रेल्वेनं साधारण अडीच तास. 'बायर्न तिकीट', म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, एकच काढायचं, त्यावर पाच जणांपर्यंत जाता येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर चालतं आणि फक्त प्रादेशिक गाड्यांना. झुरिककडे जाणाऱ्या ईसी या लांब पल्ल्याच्या गाडीत चढलात तर तिकीट तपासनीस ऐकून घेत नाही. उतरायचं 'लिंडाऊ-इन्झेल'ला, रॉयटिन हे स्टेशन काठावर आहे, तिथून बेटापर्यंत पायपीट.

इन्झेलच्या बाहेर पडलं की समोरच बंदर. १८५६ च्या सुमाराला बांधलेल्या या बंदराच्या तोंडाशी एका बाजूला ३३ मीटरचा दीपस्तंभ, दुसऱ्या बाजूला सहा मीटरचा दगडी सिंह. हा सिंह तळ्याकडे बघत बसलाय, गावाला पाठ! मुखदर्शन हवं असेल तर बोटीत बसा. मोठी बोट या दोघांमधल्या अरुंद फटीतून आत शिरते, ते बघायला आमची ही अर्धा तास कठड्यावरून हलली नाही. ढग नसतील तर दीपस्तंभ चढा, आल्प्स समोर दिसतात. ढग असतील तर गुडघ्यांना उगाच त्रास देऊ नका.

मुख्य रस्ता, माक्सिमिलियानश्ट्रासं, देखणा पण गर्दीचा. जुन्या नगरपालिकेची रंगवलेली भिंत बघून सरळ पश्चिम टोकाला जा. तिथं पेटर्सकिर्शं नावाचं साधंसुधं चर्च आहे. आत थोरला हान्स होल्बाइन या जुन्या जर्मन चित्रकाराची मानली जाणारी भित्तिचित्रं. फिकट झालीत, पण मला गावात सगळ्यात जास्त तीच आवडली. शेजारी चोरांचा बुरूज, १३८० चा.

अंडं चालणाऱ्या शाकाहारी मंडळींनी केझश्पेट्झलं मागवावं : चीजमधल्या अंड्याच्या शेवया, वर तळलेला कांदा. चव सपक, म्हणून पर्समध्ये चटणीची पुडी असू द्या. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, पाणी-बिस्किटं आदल्या दिवशी घ्या. बोटीच्या फेऱ्या हिवाळ्यात जवळपास नसतात, तेव्हा मे ते सप्टेंबर बरा. वेळ उरला तर ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ रेल्वेनं अगदी जवळ. शेंगेन व्हिसा तिथंही चालतो, पण पासपोर्ट खिशात ठेवा.